मॉरिशस प्रवासाचे नियोजन

मॉरिशस हे हिंदी महासागराच्या नैऋत्य भागातील उष्णकटिबंधीय द्वीपराष्ट्र असून भारतातून, विशेषतः मुंबईहून, तेथे मोठ्या संख्येने पर्यटक जातात. अशा प्रवासाच्या पूर्वतयारीत काळाची निवड, मुक्कामाच्या किनाऱ्याची निवड, चक्रीवादळांचा विचार, समुद्रातील सुरक्षितता, कागदपत्रे व औषधे आणि स्थानिक सणावारांची माहिती यांचा समावेश होतो. यांपैकी पहिल्या दोन बाबी सर्वांत महत्त्वाच्या असूनही बहुतेकांकडून त्यांच्याकडेच दुर्लक्ष होते. विमानाचे तिकीट आणि हॉटेल निश्चित झाल्यावर हवामानाची चौकशी करण्याची प्रथा आहे. वास्तविक क्रम याच्या उलट असावयास हवा.

स्थान आणि भूरचना

मॉरिशसचे मुख्य बेट दक्षिण गोलार्धात सुमारे २० अंश अक्षांशावर, मादागास्करच्या पूर्वेस आहे. मुंबई विषुववृत्ताच्या जेवढी उत्तरेस आहे, जवळजवळ तेवढेच हे बेट दक्षिणेस आहे. मुंबईहून थेट विमानाने तेथे पोहोचण्यास सुमारे सहा तास लागतात. मॉरिशसचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या दीड तास मागे असते.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या साधारण निम्मे आहे. त्याची लांबी सुमारे ६५ किलोमीटर व रुंदी सुमारे ४५ किलोमीटर आहे. बेट ज्वालामुखीपासून बनलेले असून मध्यभागी पठार आहे. क्युरपिप हे पठारावरील शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर वसले आहे, तर बेटावरील सर्वोच्च शिखर ८२८ मीटर उंचीचे आहे. सह्याद्रीच्या तुलनेत ही उंची किरकोळ वाटते. परंतु बेटाचे हवामान दोन भागांत विभागण्यास ती पुरेशी ठरते.

उलटे ऋतू

दक्षिण गोलार्धात असल्याने मॉरिशसचे ऋतू महाराष्ट्राच्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील उष्ण व दमट उन्हाळा असून मे ते ऑक्टोबर हा सौम्य व तुलनेने कोरडा हिवाळा होय. बेटाचे सरासरी तापमान उन्हाळ्यात सुमारे २५ अंश सेल्सियस, तर हिवाळ्यात सुमारे २० अंश सेल्सियस असते. दोहोंत फरक जेमतेम पाच अंशांचा असल्याने ‘तेथे वर्षभर सारखेच हवामान असते’ असे प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत सांगितले जाते. तापमानापुरते ते खरे आहे. पाऊस, वारा आणि वादळ यांच्याबाबतीत नाही.

महाराष्ट्रातील कुटुंबे साधारणपणे तीन सुट्ट्यांत प्रवास करतात: मे महिन्याची, दिवाळीची आणि नाताळची. मे महिन्यात मॉरिशसमधील वादळांचा मुख्य हंगाम संपलेला असतो, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि समुद्राचे पाणी अद्याप उबदार असते. महाराष्ट्र उन्हाने भाजून निघत असताना तेथे थंडीची नुसती चाहूल लागते. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हवा कोरडी व प्रसन्न असते; ऑक्टोबर हा वर्षातील सर्वांत कमी पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे. याउलट नाताळची सुट्टी भर उन्हाळ्यात येते. त्या वेळी युरोपातील पर्यटकांची गर्दी असल्याने दर चढलेले असतात आणि वादळांचा हंगामही सुरू झालेला असतो. सर्वाधिक पाऊस जानेवारी ते मार्च या काळात पडतो.

जून ते सप्टेंबर हा काळ मराठी प्रवाशाला पावसाळा म्हणून नकोसा वाटतो. मॉरिशसमध्ये मात्र त्या वेळी मोसमी पाऊस नसतो. हवा थंड, वारे जोराचे आणि समुद्राचे पाणी २२-२३ अंशांच्या आसपास असते. पोहण्याची आवड असणाऱ्यांना हे पाणी गार वाटते, पण डोंगरवाटा तुडवण्यासाठी हाच काळ उत्तम होय. सूर्यास्त मात्र लवकर होतो. जूनमध्ये संध्याकाळी पावणेसहाच्या आतच अंधारू लागते, तर डिसेंबरमध्ये जवळजवळ सात वाजेपर्यंत उजेड असतो. दिवसभराच्या सहलींचे वेळापत्रक आखताना हा एका तासाहून अधिकचा फरक लक्षात घ्यावा लागतो.

सूर्यासंबंधी आणखी एक बाब नव्या प्रवाशाला चकवते. वर्षातील बहुतांश काळ तेथे मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. महाराष्ट्राच्या सवयीने सावलीची बाजू धरून बसणारा माणूस तेथे उन्हात सापडतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो. या काळात दुपारी उघड्या होडीत बसणे भारतीय त्वचेलाही त्रासदायक ठरते.

वारा आणि किनाऱ्याची निवड

मॉरिशसवर वर्षातील बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरील बाष्प घेऊन ते पूर्व व आग्नेय किनाऱ्यावर येतात, मध्य पठारावर चढताना थंड होतात आणि तेथे पाऊस पाडतात. पलीकडे उतरताना त्यांतील बाष्प कमी झालेले असते. कोकण, घाटमाथा आणि देश यांच्यातील पर्जन्याचा फरक ज्याने शाळेत अभ्यासला आहे, त्याला हे चित्र परिचित वाटेल. केवळ दिशा उलट आहेत. परिणामी मध्य पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर सुमारे ९०० मिलिमीटर. हे दोन प्रदेश मोटारीने तासाभरापेक्षाही कमी अंतरावर आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, ‘मॉरिशसला पाऊस आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. भ्रमणध्वनीवरील हवामानदर्शकात संपूर्ण बेटावर ढगाचे एकच चिन्ह दिसले, तरी क्युरपिपमध्ये धुके व रिमझिम आणि फ्लिक आँ फ्लाक येथे लख्ख ऊन अशी स्थिती नित्याची आहे. पठारावर जाताना हिवाळ्यात हलका स्वेटर आणि वर्षभर छत्री जवळ ठेवणे हिताचे असते.

किनाऱ्याची निवड ऋतूनुसार करावी. जुलै-ऑगस्टमध्ये बेल मार व त्रू दो दूस या पूर्वेकडील भागांत वाऱ्याचा जोर मोठा असतो. त्या महिन्यांत पश्चिमेकडील फ्लिक आँ फ्लाक, तामारें किंवा वायव्येकडील किनारा अधिक निवांत असतो. भर उन्हाळ्यात मात्र पश्चिम किनाऱ्यावर उकडते आणि पूर्वेकडील वारा सुखद वाटतो. उत्तरेकडील ग्रां बे हा भाग दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीची साधने यांमुळे सोयीचा असला, तरी सर्वांत गजबजलेलाही तोच आहे. ल मोर्न हे नैऋत्य टोक पतंगफळीच्या, म्हणजे काइटसर्फिंगच्या, खेळासाठी प्रसिद्ध आहे. जेथे हा खेळ चांगला चालतो, तेथे लहान मुलांना वाळूत बसणे सुखाचे नसते, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

बेट लहान असल्याने एकाच ठिकाणी मुक्काम करून सर्व स्थळे पाहता येतात. तथापि आठवड्याहून अधिक मुक्काम असल्यास दोन निरनिराळ्या किनाऱ्यांवर तो विभागणे श्रेयस्कर ठरते.

चक्रीवादळे

नैऋत्य हिंदी महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असा असून जानेवारी व फेब्रुवारीत धोका अधिक असतो. दक्षिण गोलार्धातील ही वादळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणजे बंगालच्या उपसागरातील वादळांच्या उलट. दरवर्षी बेटावर वादळ थेट आदळतेच असे नाही. अनेक वर्षे ती बाजूने निघून जातात. परंतु फेब्रुवारी १९६० मधील ‘कॅरोल’ वादळाने बेटावरील घरांची इतकी हानी केली की, त्यानंतर लाकूड व पत्र्याच्या घरांची जागा मोठ्या प्रमाणात काँक्रीटच्या घरांनी घेतली. आज मॉरिशसच्या खेड्यांतही सपाट छपरांची ठोकळेवजा घरे दिसतात आणि पर्यटक त्यांना कुरूप म्हणतात. त्या कुरूपतेमागे हा इतिहास आहे. १९७५ चे ‘जर्व्हेझ’ आणि १९९४ चे ‘हॉलांडा’ ही नंतरची मोठी वादळे होत. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत वसलेले असल्याने तेथे वादळाशिवायही अल्पावधीत पूर येऊ शकतो. ३० मार्च २०१३ रोजी अशा अचानक आलेल्या पुरात मनुष्यहानी झाली होती.

मॉरिशसच्या हवामान खात्याकडून वादळाचा इशारा चार वर्गांत दिला जातो. वर्ग १ साधारणपणे ३६ ते ४८ तास आधी लागू होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत येण्यापूर्वी दिवसाउजेडाचे सुमारे बारा तास हाती राहतील अशा बेताने वर्ग २, तर सहा तास राहतील अशा बेताने वर्ग ३ जाहीर होतो. तेवढ्या वेगाचे झोत प्रत्यक्ष सुरू झाल्यावर वर्ग ४ लागू होतो. मोजणीत केवळ तास नसून दिवसाउजेडाचे तास असणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. खिडक्या बंद करणे, अन्नपाणी भरून ठेवणे ही कामे उजेडातच होतात. पर्यटकाने वर्ग २ लागताच सहली रद्द कराव्यात आणि मोबाइल, दिवे इत्यादी उपकरणे विजेने भरून घ्यावीत. वर्ग ३ पासून सहसा दुकाने व बससेवा बंद होतात, विमानतळही बंद होऊ शकतो आणि बाहेर पडणे निषिद्ध मानले जाते.

वादळाचे केंद्र बेटावरून जात असल्यास मध्येच वारा पूर्णपणे थांबतो व आकाश उजळते. ही शांतता फसवी असते. केंद्र पुढे सरकताच विरुद्ध दिशेने तितकाच जोराचा वारा सुरू होतो. वादळ संपल्याची घोषणा होईपर्यंत आत राहणे अत्यावश्यक असते.

जानेवारी ते मार्च या काळात जाणाऱ्याने परतीच्या तिकिटानंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत आणि प्रवास विमा घेताना वादळामुळे होणारा विलंब त्यात समाविष्ट आहे की नाही, हे तपासून घ्यावे. परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलांची परीक्षा किंवा घरातील कार्य असल्यास हा काळ टाळलेलाच बरा.

प्रवाळभित्ती आणि समुद्रस्नान

बेटाच्या बऱ्याचशा किनाऱ्यापुढे प्रवाळभित्ती आहे. बाहेरच्या मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत व हिरवट-निळ्या पाण्याचे खारकच्छ, म्हणजे लगून, तयार होते. मॉरिशसची छायाचित्रांतील ओळख ती हीच. पोहता न येणाऱ्यालाही येथे कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभे राहता येते. मात्र ही सुरक्षितता भित्तीने दिलेली आहे. जेथे भित्ती खंडित होते, तेथे ती संपते. भित्तीतील अशा खिंडींतून ओहोटीच्या वेळी पाणी वेगाने बाहेर ओढले जाते. दक्षिणेकडील सुईयाकजवळच्या ग्री ग्री येथे भित्ती नसल्याने लाटा थेट कड्यावर आदळतात. तेथील देखावा विलक्षण आहे, पण पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. अनोळखी किनाऱ्यावर स्थानिक कोळी किंवा हॉटेलचे कर्मचारी कोठे पोहतात, हे पाहूनच पाण्यात उतरावे.

उथळ पाण्यातही अनवाणी चालू नये. दगडासारखा दिसणारा स्टोनफिश हा विषारी मासा तळाशी निश्चल पडून असतो व त्याचा काटा लागल्यास तीव्र वेदना होतात; काटेरी समुद्रजीवही पुष्कळ आढळतात. जाड तळव्याच्या रबरी चपला भारतातूनच न्याव्यात किंवा तेथे पोहोचताच घ्याव्यात.

प्रवाळावर उभे राहणे, ते तोडणे किंवा शंखशिंपले गोळा करून आणणे टाळावे. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळभित्तीवर आदळले आणि पुढे त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. त्या वेळी स्थानिक नागरिकांनी उसाचे पाचट भरलेल्या लांबलचक पिशव्या शिवून तेल अडवण्याचा प्रयत्न केला. जवळच ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान आहे. तेथील लोक प्रवाळाबाबत हळवे का आहेत, हे या घटनेवरून कळते.

तामारेंच्या उपसागरातील डॉल्फिन दर्शनाच्या सहली लोकप्रिय आहेत. तेथील डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करून सकाळी विश्रांतीसाठी उपसागरात येतात आणि त्याच वेळी डझनावारी होड्या त्यांच्यामागे धावतात. ही सहल घ्यावयाचीच असल्यास अंतर राखणारा व प्रवाशांना पाण्यात उड्या मारू न देणारा नावाडी निवडावा.

आरोग्य, औषधे आणि सामान

मॉरिशसमध्ये मलेरियाचा स्थानिक प्रसार नाही, त्यामुळे त्यासाठी प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. मात्र डासांमुळे पसरणारे डेंग्यू व चिकुनगुन्या अधूनमधून उद्भवतात. २००५-०६ मध्ये या संपूर्ण द्वीपसमूहात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. हे डास दिवसा चावतात, म्हणून केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून भागत नाही. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र थेट भारतातून जाणाऱ्यास लागत नाही; परंतु त्या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी देशातून मॉरिशसला येणाऱ्याकडे ते मागितले जाते.

अमली पदार्थांबाबत तेथील कायदे कठोर आहेत आणि त्यांची झळ निरपराध प्रवाशालाही बसू शकते. झोपेच्या, मानसिक आजारांवरील व तीव्र वेदनाशामक गोळ्या तसेच कोडीनयुक्त खोकल्याची औषधे नियंत्रित यादीत येऊ शकतात. अशी औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी मूळ वेष्टनासह जवळ ठेवावी आणि पूर्वपरवानगी लागते का, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. शेजाऱ्यांनी ‘तेथल्या नातेवाइकांना द्या’ म्हणून दिलेली पुडी मात्र कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये.

वनस्पती, बियाणे, ताजी फळे व माती यांवरही निर्बंध आहेत. ऊस हे बेटाचे प्रमुख पीक असल्याने उसाचे कांडे आणण्यास मनाई आहे. गणपतीसाठी दूर्वा, तुळशीचे रोप किंवा कढीपत्त्याची डहाळी नेण्याचा मोह आवरावा. यांतील बहुतेक गोष्टी तेथे मिळतातच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, म्हणून कापडी पिशवी उपयोगी पडते.

विजेचा दाब भारतासारखाच असला, तरी भिंतीतील खाचा बहुधा ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांच्या असतात व त्यासाठी जोडणी लागते.

कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी मॉरिशसमध्ये पोहोचल्यावर प्रवेश परवाना दिला जातो. परतीचे तिकीट, मुक्कामाची आगाऊ नोंदणी आणि खर्चापुरते पैसे यांचा पुरावा मागितला जाऊ शकतो. प्रवासापूर्वी इंटरनेटवर एक अर्जही भरावा लागतो. हे नियम बदलत असल्याने तिकीट काढताना ते अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत. चलनाचे नाव रुपया असले, तरी मॉरिशसचा रुपया निराळा आहे. भारतीय नोटा तेथे चालत नाहीत.

सण, इतिहास आणि मराठी समाज

मॉरिशसच्या लोकसंख्येपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत. गुलामगिरीच्या निर्मूलनानंतर उसाच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी भारतातून करारबद्ध मजूर आणले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढील सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे याच मार्गाने आली. ती जेथे उतरवली जात, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. उरलेले अवशेष थोडेच आहेत: काही दगडी पायऱ्या, स्वयंपाकाची जागा, आजाऱ्यांच्या खोल्या. समुद्रकिनाऱ्यांच्या गर्दीत या स्थळाला बहुतेक सहलींत अर्धा तासही मिळत नाही, हे खेदकारक आहे. पळून गेलेल्या गुलामांनी जेथे आश्रय घेतला, तो ल मोर्नचा डोंगर २००८ मध्ये वारसा यादीत आला.

या मजुरांपैकी काही मुंबई बंदरातून गेले व त्यांत रत्नागिरी, सातारा आदी भागांतील मराठी कुटुंबे होती. संख्येने लहान असलेला हा समाज वाक्वा, हेन्रिएटा, कास्कावेल तसेच पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर भागात आढळतो. शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय शिकवला जातो आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा अभ्यास होतो. कोकणातील जाखडीशी नाते सांगणारे ‘झाकरी’ हे गीतनृत्य तेथे टिकून आहे. मात्र घरात व रस्त्यावर बोलली जाते ती क्रिओल. आडनाव मराठी दिसले म्हणून समोरच्याशी भडाभडा मराठीत बोलू लागल्यास उत्तर फ्रेंचमध्ये येण्याचा संभव अधिक. सावकाश, सोप्या मराठीत विचारल्यास मात्र वयस्क मंडळी आनंदाने बोलतात.

गणेश चतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे कोरड्या हिवाळ्यात येत असल्याने विसर्जनाची मिरवणूक पाहण्यासाठी मुद्दाम जाणे सोयीचे ठरते. महाशिवरात्रीला लाखो भाविक खांद्यावर कावड घेऊन ग्रां बासें येथील गंगातलाव या विवर-सरोवराकडे पायी जातात. तेथे ३३ मीटर उंचीची शिवमूर्ती आहे. त्या दिवसांत दक्षिणेकडील रस्ते तासन्तास खोळंबतात आणि हा काळ वादळांच्या हंगामातही मोडतो. १२ मार्च हा राष्ट्रीय दिन. दांडी यात्रेच्या प्रारंभाची तिथी म्हणून १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी तीच निवडण्यात आली.

शाकाहारी प्रवाशांची अडचण होत नाही. रस्त्याकडेला मिळणारी डाळपुरी आणि डाळीचे तिखट वडे स्वस्त व चविष्ट असतात.

अंतर्गत प्रवास

वाहने भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात. बससेवा स्वस्त व सर्वदूर असली, तरी गावांकडे जाणाऱ्या गाड्या संध्याकाळनंतर मिळेनाशा होतात. हिवाळ्यातील लवकर होणारा अंधार लक्षात घेता परतीची वेळ आधी विचारून ठेवावी. पोर्ट लुई ते क्युरपिप हलकी रेल्वे धावते. जून ते डिसेंबर हा ऊसतोडीचा काळ असल्याने अरुंद रस्त्यांवर उसाचे ट्रक असतात.

रॉड्रिग्स हे मॉरिशसच्याच ताब्यातील बेट पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर असून तेथे विमानाने दीड तासात जाता येते. वादळाच्या हंगामात ही विमाने सर्वांत आधी रद्द होतात, म्हणून रॉड्रिग्सची फेरी सहलीच्या सुरुवातीस ठेवावी, शेवटास नव्हे. शेजारचे रेयुनियों हे बेट जवळ असले, तरी तो फ्रान्सचा प्रदेश आहे व मॉरिशसचा प्रवेश परवाना तेथे चालत नाही.